वीस-तीस हजारांचा फोन, रोजचा वापर आणि गेमिंग: मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

ऑफिसात, सोसायटीत, नातेवाइकांच्या ग्रुपवर, सगळीकडे तेच प्रश्न येतात. कुणाला मुलासाठी फोन हवा असतो, कुणाला स्वतःसाठी हवा असतो पण नाव मुलाचं पुढे करतात. दरवेळी फोनवर अर्धा तास बोलण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो.

मिड-रेंज म्हणजे नेमका किती रुपयांचा फोन?

माझ्या हिशेबात वीस ते पस्तीस हजार. वीसच्या खाली कंपनी कुठे ना कुठे हात आखडता घेतेच, आणि तो बहुतेक वेळा गेमिंगच्याच जागी आखडतो. किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो. एप्रिल २०२० च्या आधी तो १२ टक्के होता. त्यात २०२५ च्या शेवटाकडे मेमरी चिप महागल्या, तेव्हापासून त्याच पैशांत रॅम आणि स्टोरेज कमी पदरात पडतं.

नवा कोरा मिड-रेंज आणि वर्षभर जुना, पण वरच्या मालिकेतला फोन एकाच किमतीला आले, तर गेमिंगसाठी बहुधा जुनाच सरस ठरतो. फक्त त्याचे किती वर्षांचे अपडेट शिल्लक आहेत ते आधी बघा.

दुकानात पाच मिनिटं हातात घेऊन काय कळतं?

थोडंच, पण ते थोडं महत्त्वाचं असतं. वजन कळतं. मागची बाजू निसरडी आहे का, एका हाताने अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचतो का, ते कळतं. गर्दीच्या लोकलमध्ये दुसरा हात कडीला असतो, त्यामुळे ही बारीक गोष्ट नाही. दुकानदाराला विनंती करून फोन दाराशी न्या आणि उन्हात स्क्रीन वाचता येते का बघा. आतल्या ट्यूबलाइटखाली सगळ्याच स्क्रीन झकास दिसतात. व्हायब्रेशनही तपासा. टाइप करताना हलका ठोका जाणवला तर मोटर चांगली, नुसतं घरघरलं तर स्वस्तातली.

फोन तापतो किती, बॅटरी टिकते किती, कॉल चालू असताना गालाने स्क्रीन दाबली जाते का, हे काहीच तिथे कळत नाही. पहिल्या पाच मिनिटांत कुठलाही फोन हुशारच वाटतो.

मग गेमिंगची खरी परीक्षा कशी घ्यायची?

फोन तापवून. मिड-रेंजच्या बाबतीत मी सगळ्यात जास्त वेळ यावरच घालवतो. समीक्षा बघताना पहिली शंका हीच घ्यावी, की हा माणूस एसीत बसून खेळतोय का? आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा ३३-३४ अंशांवर असतो आणि हवेत दमटपणा. फोन आतली उष्णता बाहेरच्या हवेत टाकतो. ती हवाच गरम असेल तर फोनला श्वास घ्यायला जागा राहत नाही. मग प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात.

माझी पद्धत अशी. एसी बंद, पंखा चालू. कव्हर काढून ठेवायचं. ऑटो ब्राइटनेस बंद करून निम्म्यावर ठेवायचा, बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या आसपास. बीजीएमआयमध्ये (पबजी मोबाइलची भारतातली आवृत्ती) एरांगेल या नकाशावरची क्लासिक मॅच लावायची आणि त्यातल्या पोचिंकी गावात उतरायचं, कारण तिथे पहिल्याच मिनिटाला गर्दी असते आणि गर्दीत फोनचा कस लागतो. अशी मॅच शेवटपर्यंत गेली तर साधारण अर्धा तास चालते. ती संपली की न थांबता दुसरी. पहिल्या मॅचवरून मत बनवू नका. दुसऱ्या मॅचच्या शेवटी, शेवटच्या वर्तुळात धुराचे दोन-तीन ग्रेनेड एकदम फुटले आणि त्यातून गाडी आली, की तेव्हा कॅमेरा वळवून बघा. चित्र अडखळलं तर समजायचं, फोन दमला.

याच वेळी बोटांनाही काही गोष्टी कळतात. कॅमेऱ्याच्या चौकटीखालचा भाग चटका देण्याइतका तापला आहे का? धातूची कड असेल तर उष्णता लवकर बोटांपर्यंत येते. प्लॅस्टिकची असेल तर फोन गार वाटतो, आत मात्र तो तापलेलाच असतो. त्यामुळे ‘माझा फोन अजिबात गरम होत नाही’ या वाक्यावर मी चटकन विश्वास ठेवत नाही. आणखी एक, घामाच्या बोटांनी स्क्रीन भलतीकडेच टच घेते. सतत खेळणारी पोरं अंगठ्यांना कापडी टोप्या घालतात ती उगाच नाही.

आकडा हवाच असेल तर थ्रीडीमार्क या चाचणी अॅपची वाइल्ड लाइफ स्ट्रेस टेस्ट लावा. एकेका मिनिटाच्या वीस फेऱ्या असतात, शेवटी सगळ्यात चांगली आणि सगळ्यात वाईट फेरी यांची तुलना टक्क्यांत मिळते. नव्वदच्या वर असेल तर छान, सत्तरच्या खाली असेल तर दहादा विचार करा. पण नुसत्या टक्क्यावर जाऊ नका. कमकुवत प्रोसेसर पळतच नाही, म्हणून दमतही नाही. त्याला ९९ टक्के मिळतात आणि गेम तरी रडतरखडतच चालतो. म्हणून विसाव्या फेरीचा मूळ गुण बघायचा आणि दोन फोनची तुलना त्यावर करायची.

सरासरी ५८ एफपीएस म्हणजे चांगलंच ना?

असेलही, नसेलही. एफपीएस म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) येतात. साठ एफपीएसला प्रत्येक चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. सगळी चित्रं वेळेवर आली तर डोळा खूश. पण मधेच एक चित्र शंभर मिलिसेकंद अडकलं तरी सरासरीत ते झाकलं जातं, आणि नेमका तोच क्षण समोरच्याने गोळी झाडल्याचा असतो. सरासरीबरोबर सगळ्यात वाईट एक टक्का फ्रेम कशा होत्या, हे जो समीक्षक सांगतो त्याचं ऐका.

स्क्रीन १२० हर्ट्झची आहे, मग गेमही १२० वर चालणार ना?

नाही. स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलू शकते (हर्ट्झ) ती क्षमता वेगळी आणि गेमने त्या मॉडेलला दिलेली परवानगी वेगळी. बीजीएमआयमध्ये ९० किंवा १२० एफपीएसचा पर्याय ठरावीक मॉडेलनाच दिसतो. विकत घेण्याआधी त्याच मॉडेलच्या सेटिंगचा स्क्रीनशॉट कुणाकडून तरी मागवा. अपडेटमधून पुढे मिळेल असं दुकानदार म्हणाला तर हसून सोडून द्या.

प्रोसेसरची नावं सारखीच वाटतात. ओळखायचं कसं?

गोंधळ मुद्दाम केला आहे की काय, असं वाटण्याइतका आहे. स्नॅपड्रॅगन ७एस जेन २ आणि ७+ जेन ३ ही नावं शेजारी ठेवली तर सख्खे भाऊ वाटतात. प्रत्यक्षात ७+ जेन ३ मध्ये त्या काळच्या महागड्या फोनमध्ये असायचा तसा कॉर्टेक्स-एक्स४ हा मोठा कोअर (प्रोसेसरमधला काम करणारा भाग) आहे, तर ७एस जेन २ जुन्या ए७८ कोअरवर चालतो. मधल्या एका अक्षराने जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

मीडियाटेककडेही तेच. डायमेन्सिटी ७३०० आणि ८३००, दोन्हींमध्ये ग्राफिक्सचा भाग माली-जी६१५ याच नावाचा. पण एकात त्याचे दोन कोअर, दुसऱ्यात सहा. स्वयंपाकघर तेच, पण एकीकडे दोन आचारी आणि दुसरीकडे सहा. पंगत मोठी असली की कळतं. जाहिरातीत ‘चार नॅनोमीटर’ दोघांपुढेही लिहिलेलं असतं, त्यामुळे त्यावरून काही ठरवू नका. साधी कॉल ऑफ ड्यूटी मोबाइल, फ्री फायर मॅक्स, कॅरम खेळणार असाल तर ७३०० च्या वर्गातला प्रोसेसर पुरतो. गेन्शिन इम्पॅक्टसारखा जड गेम खेळायचा असेल तर ८३०० किंवा त्याच्या वरचाच बघा, नाहीतर ग्राफिक्स इतके खाली आणावे लागतील की गेम खेळतोय की धुकं बघतोय, कळणार नाही.

अँटुटूचा स्कोअर बघावा का?

अँटुटू म्हणजे फोनला वेगाचे गुण देणारं अॅप. स्कोअर बघा, पण दोन फोनमध्ये दहा टक्क्यांचा फरक असेल तर तो सोडून द्या. आणि अँटुटूच्या आवृत्त्या बदलतात. जुन्या आवृत्तीचा आकडा नव्याशी ताडू नका.

रॅम ८ जीबी घ्यावी की १२? आणि हे ‘८+८’ काय आहे?

‘८+८’ मधले दुसरे आठ म्हणजे स्टोरेजचा तुकडा उसना घेतलेला असतो. स्टोरेज रॅमपेक्षा खूपच हळू, त्यामुळे तो आकडा मनातून वजा करा. खऱ्या आठ जीबीत गेमिंग निभावतं. पण गेम चालू असताना व्हॉट्सअॅपवर उत्तर देऊन, यूपीआयने पैसे पाठवून परत आलात आणि गेम पहिल्यापासून सुरू झाला, तर कारण बहुतेक रॅमच असते. तीन-चार वर्षं फोन वापरायचा असेल तर बारा घ्या. स्टोरेज २५६ च्या खाली घेऊ नका, कारण या किमतीत मेमरी कार्डाची जागा आता कमीच फोनमध्ये असते.

स्टोरेजचा प्रकारही विचारा. यूएफएस २.२ आणि ३.१ यांच्या वेगात चांगलाच फरक आहे. दुकानातल्या फलकावर नुसतं ‘२५६ जीबी’ लिहिलेलं असतं.

रोजच्या वापरासाठी तुम्ही काय तपासता?

गेमिंगपेक्षा या भागात फोन जास्त नापास होतात, पण त्याचे व्हिडिओ कुणी बनवत नाही.

पहिलं, कॉल. बऱ्याच मिड-रेंज फोनमध्ये कानाजवळचा खरा प्रॉक्सिमिटी सेन्सर (गाल जवळ आला की स्क्रीन बंद करणारा) नसतो, सॉफ्टवेअरने काम भागवलेलं असतं. परिणाम असा की बोलता बोलता गाल लागून म्यूट होतं किंवा भलतंच काही उघडतं. फोन घेतला की लगेच दहा मिनिटांचा एक कॉल करून बघा, खरेदी परत करण्याची मुदत असतानाच.

दुसरं, मागे चालणारे अॅप. बॅटरी वाचवायच्या नादात काही फोन व्हॉट्सअॅप आणि ऑफिसचे मेसेज झोपवून टाकतात. मेसेज उशिरा येतो आणि साहेबाला वाटतं आपण टाळतोय. सेटिंगमध्ये त्या अॅपना बॅटरीची मोकळीक द्यावी लागते.

तिसरं, ऊन. दुचाकीवर फोन लावून, मॅप चालू ठेवून, चार्जिंगला जोडून वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर दुपारी अंधेरी ते बोरिवली जा. ट्रॅफिकमध्ये अडकलात की फोन तापून ब्राइटनेस आपोआप उतरतो, चार्जिंग मंदावतं, आणि नेमकं वळण दिसत नाही. हीसुद्धा गेमिंगसारखीच उष्णतेची परीक्षा आहे, आणि जे गेम खेळत नाहीत त्यांनाही द्यावी लागते.

शिवाय ओल्या बोटाने फिंगरप्रिंट चालतो का, स्टेशनच्या पुलावर धावता धावता एम-इंडिकेटर (लोकलच्या वेळा दाखवणारं अॅप) पटकन उघडतं का, लॉक स्क्रीनवर जाहिराती येतात का आणि आल्या तर बंद होतात का, हेही बघा. ओटीटीवर चित्रपट बघणारे असाल तर वाइडवाइन एल१ (व्हिडिओच्या कॉपी-संरक्षणाचा वरचा दर्जा) आहे याची खात्री करा. नसेल तर स्क्रीन कितीही भारी असली तरी नेटफ्लिक्ससारखी अॅप एचडी चित्र देत नाहीत.

बॅटरी किती असावी?

पाच हजार एमएएच हा किमान आकडा समजा. सिलिकॉन-कार्बन बॅटऱ्या आल्यापासून सहा-सात हजारांचे फोनही जाड न होता मिळू लागले आहेत. विरारहून चर्चगेटला जाऊन-येऊन संध्याकाळी वीस टक्के उरले तर माझ्या मते पास.

गेम खेळताना चार्जिंगला लावायची सवय असेल तर बायपास चार्जिंग आहे का विचारा. त्यात वीज बॅटरीत न शिरता थेट फोनला जाते, त्यामुळे तापणं कमी होतं. ८० किंवा १०० वॉटचे आकडे ऐकायला बरे, पण तो वेग बऱ्याचदा त्याच कंपनीच्या चार्जर आणि केबलवर मिळतो. खोक्यात चार्जर आहे का, हे आधी बघा. नाक्यावरच्या दीडशे रुपयांच्या चार्जरला लावायला पंचवीस हजारांचा फोन घेतलेला नाही.

लोकलमध्ये बसून गेम खेळता येतो का?

लूडो खेळा. लूडो किंग बनवणारी कंपनी आपल्या नवी मुंबईचीच आहे, आणि नेट गेलं तरी तो ऑफलाइन चालतो. रँक मॅच मात्र गाडीत लावू नका. गाडी पळते तशी एका टॉवरवरून दुसऱ्यावर उडी पडते, पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) चाळीस मिलिसेकंदांवरून चारशेवर जातं, आणि फोनला शिव्या बसतात. त्यात फोनचा दोष नसतो. ब्लूटूथ इअरफोनही गोळीचा आवाज उशिरा आणतात. लो-लेटन्सी मोड असलेले घ्या, नाहीतर सरळ वायरचे.

फाइव्हजीबद्दल एवढंच: जिओ असेल तर बँड (लहरींचे पट्टे) एन२८ आणि एन७८ दोन्ही हवेत आणि स्टँडअलोन (फोरजीच्या आधाराविना चालणारं) फाइव्हजी चालायला हवं. एन२८ म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ, तो भिंतींमधून आत शिरतो. चाळीतल्या आतल्या खोलीत त्याचाच आधार असतो. एअरटेल मुख्यतः एन७८ वर. व्हीआयची फाइव्हजी मुंबईत मार्च २०२५ मध्ये आली. घरी खेळत असाल तर राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरा, प्रश्नच मिटतो.

बीजीएमआयसाठी जायरोस्कोप लागतो म्हणतात, खरं का?

खरं. फोन किंचित तिरका करून नेम धरायचा असेल तर लागतो. स्वस्त फोनमध्ये कधी कधी आभासी जायरो असतो, त्याने नेम लडखडतो. सेन्सर दाखवणारं एखादं फुकट अॅप टाकून दोन मिनिटांत तपासता येतं.

पावसाळ्यात भिजला तर? आयपी६८ असलेलाच घ्यावा का?

आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचं मानांकन. आयपी५४ म्हणजे शिंतोडे सोसेल. आयपी६७ म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास. आयपी६८ त्याहून कडक, किती ते कंपनी सांगते. हे सगळं प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्याचं. मरीन ड्राइव्हला भरतीची लाट अंगावर आली तर ते खारं पाणी, आणि हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यात काय काय असतं ते न बोललेलं बरं. पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बहुतेक बसत नाही, मग मानांकन कुठलंही असो. जुलैत फोन भिजला की चार्जिंगला घाईने लावू नका. पोर्ट खाली करून पंख्यासमोर ठेवा. तांदळाच्या डब्यात घालू नका, कोंडा पोर्टमध्ये जातो.

कॅमेरा?

दिवसा सगळेच ठीक काढतात. गणपतीत रात्री, मंडपाच्या लायटिंगखाली, ढोल वाजवणाऱ्या हातांचा फोटो काढा. ओआयएस (हात हलला तरी चित्र सावरणारी लेन्सची सोय) नसेल आणि प्रोसेसिंग मंद असेल तर हात धूसर येतात आणि आकाश जांभळं होतं. दोन मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा आहे असं कुणी कौतुकाने सांगितलं, तर तो फक्त कॅमेऱ्यांची संख्या वाढवायला बसवलेला असतो हे लक्षात घ्या.

अपडेट किती वर्षं मिळायला हवेत?

अँड्रॉइडच्या किमान तीन-चार आवृत्त्या. सॅमसंगने २०२५ मध्ये आलेल्या गॅलेक्सी ए३६ आणि ए५६ ला सहा आवृत्त्यांचं आश्वासन दिलं आहे. नथिंग फोन ३ए ला तीन आवृत्त्या आणि सहा वर्षं सुरक्षा अपडेट. फोनवर बँक आहे, त्यामुळे सुरक्षा अपडेटला मी आवृत्तीपेक्षा जास्त मान देतो. अपडेट मोठा असेल तर पहिल्या दिवशी टाकू नका, आठवडाभर लोक काय म्हणतात ते बघा. माझ्या एका फोनवर वॉरंटी संपल्यावर, अपडेटनंतर थोड्याच दिवसांत हिरवी उभी रेघ आली आणि सर्व्हिस सेंटरने स्क्रीनचा जो भाव सांगितला त्यात जवळजवळ दुसरा फोन आला असता.

मुलगा नववीत आहे, गेमिंगचाच फोन हवा म्हणून हट्ट धरलाय. द्यावा का?

ताई, फोनचं मी सांगू शकतो, मुलाचं तुम्हीच ठरवा. माहिती म्हणून सांगतो: पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, बीजीएमआय २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. परतला तेव्हा अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा होती. वय खोटं घालणं पोरांना अवघड नाही, म्हणून गेमवर विसंबू नका. गूगलचं फॅमिली लिंक लावा. प्ले स्टोअरच्या खरेदीला पासवर्ड ठेवा आणि तुमचं यूपीआय त्याच्या फोनवर नको. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, तरी कुणी लिंक पाठवली तर त्याने ती तुम्हाला दाखवावी, इतकं नातं मोकळं असलेलं बरं.

मनीष मार्केटमधून सेकंडहँड घेऊ का?

घ्यायला हरकत नाही, डोळे उघडे ठेवून. स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) काढा. मग इंग्रजी मोठ्या अक्षरांत केवायएम, एक जागा सोडून तो १५ अंकी क्रमांक, असा मेसेज १४४२२ वर पाठवा. फोन काळ्या यादीत असेल तर तिथेच कळतं. मूळ बिल मागा. बिल नाही म्हणाला तर भाव कितीही पाडला तरी निघा. आणि तिथेच उभं राहून पंधरा मिनिटं गेम खेळा. विकणारा वैतागला तर वैतागू दे.

फोन चोरीला गेला तर?

दाराशी उभं राहून फोन बघू नका, रुळालगत उभे राहून हातावर काठी मारणारी फटका गँग अजून आहे. गेलाच तर पोलिसांत तक्रार द्या, त्याच नंबरचं नवं सिम घ्या, आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवरच्या सीईआयआर विभागात बिल व तक्रारीच्या प्रतीसह आयएमईआय ब्लॉक करा. म्हणून बिलाचा फोटो आधीच मेलवर टाकून ठेवा. त्या फोनमध्येच ठेवला तर काय उपयोग!

कव्हर घालून गेम खेळायचा की काढून?

काढून. जाड रबरी कव्हर असेल तर नक्कीच. पडायची भीती असेल तर गादीवर बसून खेळा, पण फोन गादीवर ठेवून चार्ज करू नका.